चार डेलिया आणि माझं पोलीस रेकॉर्ड

पोलिसांच्या गाडीत मी आयुष्यात एकदाच बसले आहे, आणि तेही सासूबाईंमुळे.

चार वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे, नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला, तीन महिने राहायला आल्या होत्या. पुण्यात त्यांचा नेम ठरलेला. सकाळी फिरायला निघताना पिशवी घ्यायची आणि लोकांच्या कुंपणावरून पूजेची फुलं आणायची. इथेही त्यांनी तो मोडला नाही. "कुंपणाबाहेर आलेलं फूल रस्त्याचं असतं," हा त्यांचा कायदा. मी दोनदा समजावलं आणि नाद सोडला. कालव्याकाठच्या एका घराच्या कुंपणावर लालभडक डेलिया फुलले होते, आमच्या गणपतीची नुसती चंगळ चालली होती.

पाचव्या दिवशी मीही सोबत गेले. घरमालक आजोबा पडद्याआड दबा धरून बसले असावेत, कारण चौथं फूल पिशवीत पडेपर्यंत दोन पोलीस समोर हजर. पिशवी माझ्या हातात होती. सासूबाईंना तोडायला दोन्ही हात मोकळे लागायचे ना! "कोणी तोडली?" पोलिसानं विचारलं. मी वळून पाहिलं, तर सासूबाई दहा पावलं लांब जाऊन बदकं न्याहाळत होत्या. असा राग आला! पण त्यांचं ब्लडप्रेशर, त्यांचा पाहुण्यांचा व्हिसा, सगळं डोळ्यांसमोर आलं आणि मी "मी" म्हणून मोकळी झाले. ओळखपत्र घरी राहिलेलं, म्हणून मला ठाण्यावर नेलं. दोन तासांनी सोडलं आणि पुढे प्रकरण बंदही झालं.

सासूबाईंनी मात्र ते बंद होऊ दिलं नाही. पुण्यात हळदीकुंकवाला, भिशीला, जिथे तिथे सांगायच्या, "आमच्या सुनेला तिकडे पोलिसांनी धरलं होतं हो." कशासाठी, असं कोणी विचारलं की लगेच, "जाऊ दे, झालं गेलं."

गेल्या वर्षी मला एका पाळणाघरात नोकरी मिळाली. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेली मी, धडपडत डच शिकले, तेव्हा कुठे ही पहिली नोकरी. अट एकच, सरकारकडून वर्तणुकीचा दाखला. तेव्हा कळलं की प्रकरण बंद झालं तरी नोंद तशीच असते. कायद्याचा सल्ला देणाऱ्या बाई म्हणाल्या, "नोंद काढायचा अर्ज करा. खरं काय घडलं ते लिहा, आणि साक्षीदाराचं पत्र जोडा."

साक्षीदार एकच होता, आणि तो बदकं बघत होता.

मी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, फुलं तुम्ही तोडली होती असं लिहून द्याल?"

"अगं, पण माझा व्हिसा अडकला तर? उन्हाळ्यात यायचंय मला."

"नाही दिलंत तर माझी नोकरी जाईल."

त्यांनी फोन ठेवला. झालं, म्हटलं, कठीण आहे. पण दहा दिवसांनी कुरिअर आलं. दोन पानं, शाईच्या पेनानं झरझर लिहिलेली. 'फुले मी तोडली. माझी सून माझ्यासाठी खोटे बोलली. माझ्या पोटच्या मुलीनेही एवढे केले नसते. मी तिला आजवर हे बोलून दाखवले नाही, ही दुसरी चूक. फुलांना वास मात्र अजिबात नव्हता.'

मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मग डोळे पुसून त्याचं डच भाषांतर करायला बसले. आपलीच स्तुती, आपल्याच हातानं, सरकारसाठी! वासाचं वाक्यही गाळलं नाही.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. नोंद काढून टाकली होती आणि सासूबाईंचं मूळ पत्र परत पाठवलं होतं. दाखलाही मिळाला. सध्या मी रोज सकाळी आठ छोट्या डच मंडळींची नाकं पुसते.

परवा सासूबाईंचा फोन आला. तिकीट काढलं होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "ते माझं पत्र फाडलंस ना गं? उगाच कोणाच्या हाती लागायचं."

"कपाटात आहे, आई. फाडायचं असेल तर लेखी अर्ज करा. सहा आठवड्यांत कळवते."

अर्ज आला तरी मी तो नामंजूरच करणार आहे.