साप मारणाऱ्याची मुलगी

आमच्या शाळेत वर्षातून एकदा एक माणूस यायचा. डफ वाजवून गाणी म्हणायचा आणि रानातल्या प्राण्यांबद्दल सांगायचा. माझ्या वर्गातली मुलं आता तिशी ओलांडून गेली आहेत आणि त्याचा विषय निघाला की हळवी होतात. मी होत नाही. सगळे त्याला ‘अंकल’ म्हणायचे, अहो-जाहो करायचे. मी त्याला ‘तो’ म्हणते, आणि ते ठरवून म्हणते.

आम्ही तेलुगू मुलखात, कुकटपल्लीत राहायचो. बाबा मूळचे नांदेडकडचे. पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते फिटर होते. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती, तिच्यातली तिसरी खोली आमची. घरात मराठी, ओळीत दखनी, शाळेत तेलुगू आणि मोडकंतोडकं इंग्रजी, असं आमचं चालायचं. शाळेत मराठी बोलणारी मी बहुधा एकटीच होते.

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी सहावीत होते. प्रार्थनेच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीनशे मुलं मांडी घालून बसलेली. पन्नाशीचा माणूस, पांढरा झब्बा, खांद्याला डफ, काखेत चित्रं काढलेल्या कापडांच्या गुंडाळ्या. खोटं कशाला सांगू, पहिला अर्धा तास मलाही तो आवडला. त्यानं घुबडाचा आवाज काढला तेव्हा शेडमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. पालीवरचं एक दखनी गाणं म्हणून त्यानं आमच्या कडक गणिताच्या बाईंनाही हसवलं. मग सापांचं कापड उलगडलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. कुणाच्या अंगावर कसले पट्टे, कुणाचं डोकं कसं, हे त्यानं असं सांगितलं की आजही मी ते चारही साप नुसत्या पाठीवरून ओळखते. माझ्या डोक्यातलं हे ज्ञान त्याचं आहे, याचाही मला राग येतो.

मग त्यानं विचारलं, “कुणाच्या घरी साप मारलाय? खरं खरं सांगा.”

कुणी हात वर केला नाही. मी केला.

का केला, तेही सांगते. आमच्या ओळीत ती अभिमानाची गोष्ट होती. दोन महिन्यांपूर्वी, भर दुपारी, मोरीतून नाग बाहेर आला होता. शेजारच्या म्हाताऱ्या खालांची सहा महिन्यांची नात दारात गोधडीवर झोपली होती. बाबा जेवायला घरी आले होते. त्यांनी ताट सरकवलं, कोपऱ्यातली लोखंडी सळी उचलली आणि एका घावात नागाचं डोकं ठेचलं. खाला बाबांचे दोन्ही हात धरून कितीतरी वेळ रडत होत्या. बाबा त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. पण त्या दिवसापासून त्या बाबांना ‘भाई’ म्हणायला लागल्या. मला वाटलं, हा माणूसही शाबास म्हणेल.

त्यानं मला पुढे बोलावलं. घरी काय बोलता, असं विचारलं. मराठी म्हटल्यावर खूश झाला आणि लगेच मराठीत शिरला. त्याचं मराठी पुस्तकातलं होतं, धुऊन इस्त्री केल्यासारखं.

“कुणी मारला साप?”

“बाबांनी.”

“त्यानं फणा काढला होता?”

“हौ.”

“हौ नाही. हो म्हणावं. कुणाला चावला?”

“नाही.”

“मग मारला कशाला?”

उत्तर मला माहीत होतं. बाळ होतं, गोधडी होती, नाग हातभर अंतरावर होता. पण समोर तीनशे तोंडं, आणि ‘हौ’वरून आत्ताच टोकलेलं. मी म्हटलं, “साप होता म्हणून.”

त्यानं माझं हे वाक्य तेलुगूत करून मुलांना ऐकवलं. शेड हसली. माझ्या खांद्यावर त्याचा एक हात तसाच होता. दुसऱ्या हातानं त्यानं मांडीवर ताल धरला आणि जागच्या जागी गाणं रचलं:

लोहा लेको आया बाप,
मोरी में बैठा था साप,
साप पूछा, अगे बेटी,
कौन करा ये पाप?

‘कौन करा’ म्हणताना तो मुलांकडे हात करायचा, आणि मुलांनी ओरडायचं, “बाप!” तीनदा म्हणून घेतलं. तिसऱ्या वेळी बाईही म्हणत होत्या. मी त्याच्या शेजारी उभी. पुढे कुणी कुणी मला म्हणालं, त्याला काय कळणार होतं, तो गाण्याच्या नादात होता. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. तो खांदा कसा थरथरत होता, हे त्याला कळलंच असणार.

गाणं चांगलं होतं, हीच तर पंचाईत. वाईट असतं तर आठवड्यात विसरली असती मुलं. हे टिकलं. मी फळ्यापाशी गेले की मागून फुस्स व्हायचं. डबा खायला बसले की कुणीतरी हळूच “मोरी में बैठा था” सुरू करायचं. माझ्याबरोबर रोज डबा खाणारी मुलगी एक दिवस सांगून गेली, “तेरे बाजू बैठी तो मेरे कू भी चिढाते.” तिच्यावर मी फारशी रागावले नाही.

घरी मी काही बोलले नाही, पण बाबांशी भांडायला लागले. त्यांनी वाढलेलं खायची नाही. एकदा सरळ विचारलं, “कशाला मारला तुम्ही तो साप?”

बाबांना समजेना. “मग काय करायचं होतं?”

“मला काय माहीत!”

आईनं पाठीत एक धपाटा घातला.

मग एक दिवस खालांची मोठी नात, पहिलीतली, दारात उड्या मारत तेच गाणं म्हणायला लागली. तिला काय ठाऊक. ज्या बाळासाठी साप मेला त्याचीच ती बहीण. बाबा सायकलच्या चेनला तेल घालत होते. त्यांनी तिला दोनदा म्हणायला लावलं. मग मला हाक मारली. “हे शाळेतलं आहे?” मी सगळं सांगितलं. खांद्यावरचा हातसुद्धा. बाबांनी चिंधीला हात पुसले आणि विचारलं, “कुठं भेटतो हा माणूस?”

तो रविवारी अफझलगंजात, मोठ्या वाचनालयाजवळच्या एका लहानशा सभागृहात मुलांसाठी कार्यक्रम करतो, हे आमच्या बाईंकडून कळलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. दोन बस बदलून आम्ही गेलो आणि कार्यक्रम संपेपर्यंत दाराशी उभे राहिलो. तिथली मुलं वेगळी होती, स्वच्छ मोज्यांची. आया मोबाईलवर फोटो काढत होत्या.

गर्दी पांगल्यावर बाबा पुढे झाले. “नमस्कार सर. ही माझी मुलगी. साप मारणारा तो मी.”

त्याला ओळखायला क्षणही लागला नाही. तो हसलाच. “अच्छा, अच्छा! बसा ना.”

बाबा बसले नाहीत. त्यांनी बाळाचं सांगितलं, मोरी आणि गोधडी यांतलं अंतर हातानं दाखवलं. तो मान हलवत ऐकत होता.

“मला बोलवायचं,” तो म्हणाला. “मी येऊन धरून नेला असता.”

“किती वेळात आला असता?”

इथं तो खोटं बोलला नाही. “इथून कुकटपल्ली म्हणजे... दीड तास.”

“आणि तोवर नागाला काय सांगायचं होतं? थांब म्हणून?”

“तुमचं पटतंय मला. पण तुमचं ऐकून दहा जण काठ्या उचलतात. मला ते थांबवायचंय.”

“थांबवा. चांगलं काम आहे. फक्त गाण्यातून माझ्या पोरीला काढा.”

“गाण्यात तिचं नाव कुठं आहे?”

“बाप आहे की. बेटीपण आहे.”

तो कापडं गुंडाळायला लागला. “हे बघा, गाणं एकदा मुलांच्या तोंडी बसलं की ते माझं राहत नाही. आणि रागावू नका, पण हा विचार तुमच्यासारख्या लोकांपर्यंतच पोचायला हवा.”

“आमच्यासारख्या म्हणजे?” बाबांनी विचारलं.

तो कापडाची नाडी बांधत होता, ती बांधतच राहिला. बाबा माझा हात धरून निघाले. बसमध्ये ते दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत बसले होते. कुणी पाय दिला तरी हलले नाहीत.

पुढच्या वर्षी तो पुन्हा आला. मी सातवीत. मनातून मला वाटत होतं, आता नाही म्हणणार. बाबांनी एवढं समोर जाऊन सांगितलंय. त्यानं माकडांचं सांगितलं, गिधाडांचं सांगितलं. मग विचारलं, “मागच्या वर्षीचं काय काय आठवतंय?”

तीनशे गळ्यांनी एकच सांगितलं: ते गाणं.

त्यानं नजर फिरवली. मला शोधत होता. मी सहाव्या रांगेत कडेला होते, त्याला दिसले. आमची नजरानजर झाली, याबद्दल मला आजही तिळभर शंका नाही. त्यानं डफ उचलला आणि म्हटलं, ते पूर्ण, चारही ओळी, दोनदा.

मधल्या सुट्टीत तो चहा प्यायला बाईंच्या खोलीत गेला. डफ खुर्चीवर उन्हात ठेवून गेला होता, कातडं ताणलेलं राहावं म्हणून. मी कंपासपेटीतलं कर्कटक काढलं. लपतछपत नाही, चालत गेले. पहिल्यांदा टोक आत गेलं तेव्हा फट्ट असा एवढासा आवाज झाला. डफ निकामी करायला एक भोक पुरेसं होतं. मी तीन पाडली. मग कर्कटक हातात घेऊन तिथंच उभी राहिले.

मुख्याध्यापिकांनी बाबांना कारखान्यातून बोलावून घेतलं. ते ग्रीसच्या कपड्यांतच आले. खोलीत मॅडम, तो, बाबा आणि मी. डफ टेबलावर. मॅडमनी मला तीनदा माफी मागायला सांगितलं. मी तीनदा गप्प राहिले.

“जाऊ द्या मॅडम,” तो म्हणाला. “लहान आहे. मी तिला माफ केलं.”

त्याच्या गाण्यापेक्षा मला ही माफी जास्त झोंबली. इतक्या मऊ आवाजात दिली की खोलीतले सगळे त्याच्या बाजूचे झाले.

बाबा म्हणाले, “माफी तुम्ही मागायला पाहिजे होती सर. मागच्याच वर्षी.”

मॅडमचा चेहरा बदलला. त्या सरळ हिंदीत म्हणाल्या, असं असेल तर मुलीचा दाखला आजच घेऊन जा. बाबा माझ्याकडे बघायचं टाळत होते. मग त्यांनी हात जोडले. त्याच्याकडे वळून, नीट, कोपरापर्यंत काळे झालेले दोन्ही हात जोडले. “चुकलं पोरीचं,” म्हणाले.

त्यानं बाबांची पाठ थोपटली आणि लहान मुलांचा कार्यक्रम घ्यायला निघून गेला. डफ नव्हता, म्हणून टाळ्यांवर गायला. मुलांनीही टाळ्या धरल्या. आम्ही जिना उतरत होतो तेव्हा तो आवाज ऐकू येत होता. डफापेक्षा छान वाटत होतं ते.

फाटकापाशी बाबा थांबले. कारखान्यातली पाळी अजून संपली नव्हती, त्यांना परत जायचं होतं.

“भोक मोठं पडलं का?”

“तीन पाडली.”

“हात जोडले ते तुझ्या शाळेसाठी,” ते म्हणाले. “मनातून नाही जोडले. कळलं?”

“हौ.”

“जा वर्गात.”

पुढची तीन वर्षं तो आला की मला शाळेच्या वाचनालयात बसवायचे. आयाबाई दाराशी स्टूल टाकून बसायच्या. खिडकीतून सगळं ऐकू यायचं. ते गाणं त्यानं परत म्हटलं नाही. मुलं मागायची, तरी नाही. का नाही म्हटलं, मला माहीत नाही. पश्चात्ताप झाला असेल, की नव्या डफाची काळजी असेल. कुणीतरी त्याचा चांगुलपणा म्हणून मला हे सांगितलंही आहे. मी ऐकून घेते आणि विषय बदलते.