उत्तरेच्या अंगणातलं ऊन

लातुरात अपार्टमेंटचे नकाशे काढण्यात माझी अकरा वर्षं गेली होती, आणि इमारत व कंपाउंड यांच्यामध्ये जी मोकळी पट्टी सोडावी लागते, त्या मार्जिनवर माझा पहिल्यापासून राग होता. सोन्यासारखी जागा मांजरांना फिरायला सोडायची. त्यात इमारत उंच झाली की मार्जिनही वाढवायचं, ही तर मला शुद्ध सरकारी खोडी वाटायची.

त्या डिसेंबरात एका पाच मजली इमारतीसाठी आम्ही उत्तरेच्या मार्जिनमध्ये सवलत मागितली. नगररचना कार्यालयाने शेजाऱ्याचं संमतिपत्र आणायला सांगितलं. शेजारी म्हणजे एक म्हातारे किराणा दुकानदार, गल्ली त्यांना अप्पा म्हणायची. त्यांच्या बायकोचा उजवा हात अर्धांगवायूने गेला होता. रोज दुपारी दुकान बंद करून अप्पा तिला अंगणातल्या बाजेवर उन्हात बसवायचे आणि करडईचं तेल लावून हात चोळायचे. दोन बोटं हलायला लागली होती. डॉक्टरांपेक्षा अप्पांचा भरवसा त्या उन्हावर होता.

मी त्यांना उन्हाळ्याची लालूच दाखवली. इमारत झाली की मे महिन्यात तुमच्या अंगणात गार सावली, असं ठोकून दिलं. मराठवाड्यात फुकटच्या सावलीला नको कोण म्हणेल? "लई बरं हुईल," अप्पा म्हणाले. फक्त चांगल्या कामाची सही ते महादेवाच्या वारीच करत, म्हणून कागद सोमवारपर्यंत ठेवून घेतला.

मध्ये शनिवार आला. नांदेडहून बदलून आलेल्या, निवृत्तीला टेकलेल्या नगररचना अधिकाऱ्यांनी नकाशा पाहून एवढंच विचारलं, की उत्तरेच्या अंगणात कोण बसतं. मी सांगितलं. भर दुपारी ते मला घेऊन अप्पांच्या अंगणात आले, माझ्या हातात दहा फुटांचा बांबू दिला आणि सरळ उभा धरायला लावला. मला मनातून हसू येत होतं. सावली उत्तरेला पडली, नऊ फूट भरली. मग त्यांनी इमारतीच्या उंचीचा हिशेब केला आणि टेपने मोजून जमिनीवर चुन्याची रेष ओढली. रेष बाजेच्याही पलीकडे, घराच्या उंबऱ्याला लागली होती. सगळा हिवाळा ते अंगण माझ्या इमारतीच्या सावलीत जाणार होतं.

मी बाजू सावरायला म्हणालो, निदान उन्हाळ्यात तरी गारवा मिळेल. ते म्हणाले, मे महिन्यात सूर्य आपल्या डोक्यावर येतो, एका दुपारी तर उभ्या बांबूला सावलीच नसते. तुझी इमारत तेव्हा कुणाला काय सावली देणार?

मी बांबू धरून तसाच उभा राहिलो. खांबाची सावली मे महिन्यात खांबाच्या पायाशी गोळा होते, हे मी लहानपणापासून पाहत होतो, पण कधी डोक्यात शिरलं नव्हतं. उंचीला अंतराशी बांधणारा तो नियम कुणी लिहिला, मला माहीत नाही. ज्यांनी लिहिला त्यांनी अप्पांचं अंगण पाहिलं नव्हतं, तरी त्यांनी सूर्याची चाल ध्यानात घेतली होती. मी ज्याला वाया गेलेली जागा म्हणत आलो, ते शेजाऱ्याच्या वाट्याचं आभाळ होतं. पूर्ण मार्जिन सोडून उत्तरेकडचे वरचे मजले कमी केले, तर ती रेष बाजेच्या अलीकडे थांबत होती. अधिकाऱ्यांनी तसाच नकाशा आणायला सांगितलं आणि ते निघून गेले.

अप्पा बायकोचा हात मांडीवर घेऊन सगळं ऐकत होते. मी जवळ जाऊन सांगितलं, की सही करू नका, मी चुकीचं बोललो होतो.

"तुमाला ठावं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"नव्हतं," मी म्हणालो. खरंच नव्हतं.

त्यांनी घरातून कागद आणून माझ्या हातात दिला. आवाजात राग नव्हता, चौकशीच होती.

"मंग ह्याच्या आदी कितीजणाला सावली देऊन आलात, साहेब?"