तिसऱ्या सिझरमधलं मूत्राशय

ठाण्याच्या एका हॉस्पिटलात आम्ही दोघी एकाच वर्षी स्त्रीरोग शिकायला लागलो. ती डोंबिवलीची, बोलघेवडी. पेशंट तिला 'ताई' म्हणतात, मला 'डॉक्टर'. आमच्या मॅडम तिला 'बाळा' म्हणतात, मला आडनावाने. मला याचा त्रास होतो, आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मास्क बरा पडतो.

त्या सकाळी दिव्याहून आलेल्या बाईचं तिसरं सिझर होतं. मॅडमनी ब्लेड तिच्या हातात दिलं, जखम उघडी धरायचा रिट्रॅक्टर माझ्या. मूत्राशय गर्भाशयाच्या पुढ्यात, त्याच्या खालच्या भागाला टेकून असतं. पहिल्या सिझरला ते सहज खाली सरकतं. जुन्या टाक्यांपाशी मात्र चिकटून वर ओढलं जातं. कॅथेटरने रिकामं केलेलं, त्यामुळे चपटं; कड कुठे ते कळत नाही. कड चुकली तर बाळासाठी घेतलेला छेद थेट मूत्राशयात.

रिट्रॅक्टर धरणारीचे हात अडकलेले असतात, डोळे मोकळे. तिच्या ब्लेडखालचं ते बारीक शिरांचं, जाडसर काहीतरी मला गर्भाशय वाटेना. तिचं चुकलेलं बघायला मला आवडलं असतं. पण ती चूक टेबलावरच्या बाईच्या अंगात झाली असती.

मी पुटपुटले, "कॅथेटरमधून सलाईन भरून बघूया?"

तिने हात थांबवला. "मॅडम, ब्लॅडर भरून बघू का? कड दिसत नाहीये."

"बरोबर, बाळा. सिस्टर, भरा."

सलाईन जाऊ लागलं तसं ते हळूहळू फुगलं, पार तिच्या ब्लेडच्या वरपर्यंत.

"बापरे," मॅडम म्हणाल्या.

छेद आणखी वर घेतला. बाळ रडलं. नंतर कॅथेटरच्या पिशवीत उतरलेली लघवी स्वच्छ होती, रक्ताचा थेंबही नाही.

"छान सुचलं हं तुला," मॅडम तिला म्हणाल्या.

"मला नाही मॅडम, हिला! मी तर कापायलाच निघालेले." ती चक्क हसली.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "मग मोठ्याने बोलायचं ना गं."

मी मान हलवली. टाके घालायला त्यांनी तिलाच सांगितलं. निदान श्रेय तरी तिने लाटायला हवं होतं. मला तिच्यावर नीट चिडता आलं असतं.