बोलायचं नाय, एवढंच

महाडजवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे बुडवून बसलं की माणूस अर्धवट झोपेत बोलतो. वाफेतून नुसते आवाज येतात. तसे ऐकलेले किस्से अंगाला चिकटतात, घरी गेलं तरी सुटत नाहीत. हे आमच्या गावचे, सगळे दगडूच्या पोरीवरून झालेले.

*

पोरीचं नाव सुनीता. बाळाराम आमच्या गावकीचा अध्यक्ष. त्याचा ट्रॅक्टर नदीत दगडमातीचं डबर ओतत होता. सुनीतानं त्याचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला.

"ही बदनामी हाय!" बाळाराम पाण्यातच उभा राहिला.

दगडू डोळे मिटूनच म्हणाला, "ट्रॅक्टर तुझा, डबर तुझं. तिनं फक्त मोबाइल धरला रे!"

*

गावकी बसली. दगडूच्या घराशी बोलायचं नाही, त्याच्या कामाला जायचं नाही. सुनीताचं लग्न तोंडावर आलेलं. मांडव घालायला माणूस नाही.

शाळेचे गुरुजी म्हणाले, "बाळाराम, वाळीत टाकणं गुन्हा आहे."

"वाळीत कुठं टाकलाय? बोलायचं नाय, एवढंच ठरलंय!"

गुरुजींनी डोक्यावर तांब्या ओतून घेतला.

*

माझा पुतण्या मुंबईहून आला होता. "काका, ह्याला कॅन्सल करणं म्हणतात. मोबाइलवर रोज कोणी ना कोणी होतो."

"कॅन्सल झालेल्याच्या लग्नात पंगतीला वाढतं कोण?"

"केटरर."

"मग तुमचं ते लुटुपुटीचं!"

*

महाडहून एक कार्यकर्त्या बाई दगडूच्या घरी आल्या. "तुम्ही पीडित आहात. चौकात निषेध सभा घेऊ. बाळारामला सगळ्यांसमोर माफी मागायला लावू."

"पीडित नका म्हणू, बाई. पोरीला सासरी जायचंय."

"मग काय म्हणू?"

"चहा टाका, म्हणा. लय दिवसांत कोण म्हणला नाय."

*

कुंड सगळ्यांचं. दगडू येत राहिला. तिथं एक रीत आहे. पुढं बसलेल्याची पाठ मागच्यानं चोळायची, कोण ते विचारायचं नाही.

त्या पहाटे धुकं आणि वाफ एक झाली होती. पाणी कुठं संपतं, डोंगर कुठं सुरू होतो, कळत नव्हतं. बाळाराम माझ्या शेजारी पेंगत होता. मागून कोणीतरी त्याची पाठ चोळत होतं.

"जरा डावीकडं रे."

हात डावीकडं गेला.

"हां. तिथंच."

"मांडव परवा हाय," मागून दगडूचा आवाज आला. "येतोस?"

बाळारामनं मागं वळून पाहिलं नाही. नुसती पाठ मागं सरकवली.

"आधी पाठ तर पुरी कर!"