तालुक्याच्या पुढे

कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती दिली आणि बाबांचे सगळेच दिवस रविवार झाले. माझ्या वाट्याला मात्र आठवड्यात एकच यायचा. त्या दिवशी सकाळचा चहा झाला की धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं संगणकासमोर बसायचो आणि इंटरनेटवरच्या, कुणालाही भर घालता येणाऱ्या विश्वकोशाचा खेळ खेळायचो. तो मी ऑफिसातून शिकून आले होते. एका लेखापासून निघायचं आणि मजकुरातल्या निळ्या शब्दांवर क्लिक करत करत आधी ठरवलेल्या दुसऱ्या लेखापर्यंत पोचायचं. सर्चला हात लावायचा नाही.

सुरुवात मी ठरवायची. शेवट बाबा ठरवायचे, आणि तो कायम एकच असायचा, विदर्भातलं त्यांचं गाव. गावाचं पान होतं, जेमतेम दोन ओळींचं. त्यातून बाहेर कुठंही जाता यायचं, पण आत येणारी लिंक कुठल्याच पानावर नव्हती. हत्तीपासून निघा नाहीतर वाफेच्या इंजिनापासून, मी तालुक्याच्या पानावर येऊन अडकायची. तिथल्या गावांच्या यादीत आमचं गाव नव्हतंच.

"मी घालते ना यादीत. मिनिटाचं काम आहे, बाबा."

"वा! आपणच रस्ता बांधायचा आणि आपणच पोचलो म्हणून टाळ्या पिटायच्या." असं बोलायला बाबा पुण्यात राहून चांगलेच शिकले होते.

गावात त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, एकटी राहायची. आईवडिलांमागे तिनंच बाबांना वाढवलेलं. तिच्या फोनचा शेवट ठरलेला असायचा, "येऊन जाय नं बापू एकदा."

अशाच एका फोननंतर बाबांनी गमतीत ठरवून टाकलं, ज्या रविवारी खेळात गावाला पोचू, त्या दिवशी तिकिटं काढायची. ती गंमत माझ्या पथ्यावरच पडली. सॉफ्टवेअरचा रिलीज तोंडावर असताना आमच्या ऑफिसात रजेचं नाव काढायची सोय नव्हती, आणि रिलीज कायमच तोंडावर असायचा. बाबांना एकट्यानं जायचं नव्हतं. लेकीला बरोबर घेऊन, जरा मिरवत जायचं होतं. ते मिनिटाचं काम मी त्यांच्या नकळत उरकून टाकलं असतं तर? ही हळहळ अजून जात नाही.

मग एकदा फोन आला तो आत्याच्या शेजाऱ्यांचा. आम्ही एसटीतून फाट्यावर उतरलो, तेव्हा गावात सगळं आटोपलेलं होतं. टपरीवरचा एक तरुण आपुलकीनं म्हणाला, "जय भीम. कोनाकडे आले, काका?" बाबांनी आत्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले.

परतल्यावर खेळ बंद पडला. पुढे बऱ्याच महिन्यांनी एका रविवारी, निव्वळ सवयीनं, मी एकटीच खेळत तालुक्याच्या पानावर आले. कुणीतरी गावांची यादी पुरी केली होती. आमचं गाव त्यात होतं, निळ्या अक्षरांत. मी क्लिक केलं.

"बाबा, पोचलो!" मी ओरडले, आणि लगेच जीभ चावली.

बाबा आतून आले. चष्मा लावून त्यांनी त्या दोन ओळी सावकाश वाचल्या.

"कोणाकडे?" त्यांनी विचारलं.