दत्ताराम पंचाचा उघडा डोळा

दत्ताराम राणे कारखान्यात काय करतो, हे विक्रोळीच्या कामगार वसाहतीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पण कबड्डीच्या मैदानावर तो पंच म्हणून काय करतो, हे पार घाटकोपरपर्यंत ठाऊक होतं. त्याची शिट्टी वाजली की बाद झालेला गडी वाद न घालता निघून जाई. सख्ख्या मेहुण्यालाही त्याने बाद दिलं होतं. मेहुणा वर्षभर घरी जेवायला आला नाही. दत्ताराम म्हणे, ‘रेषेला नातं नसतं.’

अठ्ठ्याऐंशी साली, ऐन स्पर्धेच्या तोंडावर, त्याच्या डाव्या कानात फोड आले, ठणका लागला आणि बघता बघता तोंड उजवीकडे सरकलं. डावा डोळा मिटेना. चूळ भरली की पाणी परस्पर बाहेर.

‘कानात नागीण झालीय,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

‘आयुष्यभर शिट्टी फुकलात, मगे नागीण येतली नाय तर काय!’ बायको नलिनी कडाडली.

डॉक्टरीणबाई हसल्या. ‘शिट्टीचा दोष नाही हो. लहानपणी कांजिण्या झाल्या असतील, तोच विषाणू नसेच्या मुळाशी दबा धरून बसला होता. आता उठला. नसेची देखभाल करणाऱ्या पेशी असतात, त्या तिच्याभोवती आवरण गुंडाळतात. हा त्यांच्यातही शिरतो. आवरण सोलवटलं की मेंदूचा निरोप गालापर्यंत पोचत नाही.’

‘आवरण परत येतं?’

‘बहुतेकदा येतं. सावकाश.’

‘रविवारी फायनल आहे.’

‘ते नसेला कुठे ठाऊक, राणे?’

मंडळाचा सेक्रेटरी राजाराम म्हणाला, ‘या वर्षी बस रे, दत्ता. असल्या तोंडाचा निर्णय कोण मानणार?’ ते मात्र दत्तारामला कानातल्या ठणक्याहून जास्त लागलं. रविवारी डोळ्यात औषधाचे थेंब घालून तो सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर झाला.

शिट्टी फुंकावी तर वारा डावीकडून पळे. तो बोटांनी ओठाचा कोपरा दाबून धरी. तरी आवाज यायचा तो रॉकेल संपत आलेल्या स्टोव्हचा. खेळ मात्र त्याने चोख चालवला. गुण बरोबरीत आले आणि घाटकोपरचा कप्तान काशीराम चढाईला आला. परतताना त्याचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला. दत्तारामने हात वर केला आणि धुळीने त्याची पापणी लवली. एकच, उजवी. समोर नेमका विक्रोळीचा कप्तान अनंता!

काशीराम उसळला. ‘डोळा मारला! पंचाने डोळा मारला! सेटिंग आहे यार!’

मैदानभर कल्ला झाला. राजाराम कपाळाला हात लावून खाली बसला. दत्ताराम सरळ काशीरामपुढे जाऊन उभा राहिला.

‘चुटकी वाजव,’ तो बोबड्या तोंडाने म्हणाला. ‘डोळ्यांसमोर.’

काशीरामने वाजवली. उजवा डोळा मिटला, डावा सताड उघडा. पुन्हा वाजवली. तेच.

‘आयला, दत्ताभाऊ, हा मिटतच नाय!’

‘मग? तुझा पाय बाहेर पडला तेव्हाही मिटला नव्हता. चल, बाद.’

हशा उसळला. काशीराम मान खाजवत बाहेर जाऊन बसला. खेळ पुन्हा सुरू झाला, पण त्याच्याच पोरांचा आरडाओरडा काही थांबेना. तो गर्रकन वळून खेकसला, ‘ए, गप बसा रे! भाऊंची शिट्टी ऐकू येत नाय!’