मधल्या खोलीचं दार

बदलापूरच्या ज्या केंद्रात मी मुलांना बोलायला शिकवत होते, त्यांनी आपली जागा कमी केली आणि माझी बरीचशी मुलं मला घरून, स्क्रीनवर घ्यायला सांगितली. अडखळत बोलणारी, उशिरा बोलू लागलेली, कानाला मशीन असलेली मुलं. आमचं घर कर्जतहून पळसदरीकडे जाताना, शेताला लागून आहे. जाण्यायेण्याचा वेळ वाचेल म्हणून मला बरंच वाटलं. नवरा माझ्याहून खूश झाला. तो खोपोलीला एका कारखान्यात इलेक्ट्रिकलची देखभाल बघतो, आणि घरात काही नवं जोडायला मिळालं की त्याला दुसरं काही सुचत नाही.

"मधली खोली तुझी," तो म्हणाला. "तू फक्त काय काय हवं ते सांग."

मी म्हटलं, "पहिलं म्हणजे दार."

मधल्या खोलीला दोन चौकटी आहेत. एक पुढच्या खोलीत उघडते, दुसरी मागच्या पडवीत, आणि दोन्हींना दारं नाहीत. पुढून मागे जायचं तर तिथूनच जावं लागतं. सासऱ्यांची दिवसभर ये-जा असते, सासूबाईंची तर त्याहून जास्त. मी नवऱ्याला नीट समजावलं, की अडखळणारं मूल परक्या माणसासमोर बोलत नाही. शिवाय आईबाप आपल्या मुलाबद्दल जे सांगतात, ते दुसऱ्या कोणाच्या कानावर जाता कामा नये.

"दार काय गं, शेवटी बसवू," तो म्हणाला. "आधी वायरिंग."

मग वायरिंग झालं. भिंतीवर बटणांचा एवढा मोठा बोर्ड आला आणि प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी चिकटली. इन्व्हर्टर आला. लाइट गेली तर नेट जाऊ नये म्हणून राउटरला वेगळी बॅटरी आली, आणि खांबावरची तार तुटली तर अडू नये म्हणून दुसऱ्याच कंपनीचं आणखी एक कनेक्शन आलं. चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून गोल दिवा आला. सगळं जोडून झाल्यावर त्याने मला खुर्चीत बसवलं आणि मेन स्विच पाडला. स्क्रीन तशीच चालू राहिली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छान म्हटलं. खरोखरच छान होतं. मग विचारलं, "दार कधी?"

"कपाट होऊ दे."

सुतार नेरळचा. तिकडच्या नव्या इमारतींच्या कामातून त्याला सवड मिळेना. तो आला तेव्हा पावसाळा तोंडावर होता. चित्रांची कार्डं, खेळणी आणि मुलांच्या फायली ठेवायला मला एक छोटं, कुलूप लागेल असं कपाट हवं होतं. नवऱ्याने त्याला परस्पर छतापर्यंतचं माप दिलं. पुढे वाढ होईल, तेव्हा जागा हवी, असं त्याचं म्हणणं. कपाट इतकं रुंद झालं की त्याची कड पुढच्या चौकटीवर आली. मी सुताराला विचारलं, "आता इथे दार कसं बसणार?"

"दाराचं मला कोणी बोललंच नाय, ताई."

तोवर सासूबाईंना खालचे कप्पे रिकामे दिसले. त्यांनी त्यात वालाचे डबे ठेवले, मग सुकटीचा डबा. मी काही बोलले तर म्हणाल्या, "रिकामंच होतं ना गं? तुला लागलं तर काढीन की." काढणार कुठे, हा प्रश्न होताच, कारण त्यांचं जुनं फडताळ त्याच खोलीतून काढून टाकलं होतं. एका डब्यातल्या वालांना कीड लागली आणि ते बारके किडे माझ्या चित्रांच्या कार्डांत शिरले. मी एक सबंध दुपार अंगणात बसून हत्ती, छत्री, घड्याळ अशी एकेक कार्डं पुसत होते.

तरी मी काम सुरू केलं. चौकटींना जाड पडदे लावले आणि घरात सगळ्यांना माझ्या वेळा सांगितल्या. काही दिवस त्या पाळल्याही गेल्या.

एक सात वर्षांची मुलगी होती. शब्दाच्या सुरुवातीलाच अडायची, आणि अडली की ओठ घट्ट मिटून गप्प बसायची. पहिले कितीतरी दिवस ती माझ्याशी फक्त मान हलवून बोलली. त्या दिवशी तिच्या मांजरीला पिल्लं झाली होती, आणि ते सांगायची तिला इतकी घाई होती की ती आपणहून बोलू लागली. अडत होती, पण थांबत नव्हती. अशा वेळी आपण काही करायचं नसतं. शब्द पुरवायचा नाही, घाई करायची नाही, नुसतं ऐकायचं. "म... म... मांजरीने," ती म्हणाली, आणि पडदा सारून सासरे आत आले. पाठीला फवारणीचा पंप होता. ते माझ्यामागे थांबले, वाकून स्क्रीनकडे पाहिलं आणि अगदी कनवाळूपणे म्हणाले, "ह्या पोरीला बोलता नाय येत का गं?"

मुलीने ओठ मिटले. तिच्या आईचा हात स्क्रीनसमोर आला आणि कॉल बंद झाला.

मी त्या बाईंना फोन केला, माफी मागितली. त्या वाईट बोलल्या नाहीत. "तुमच्या घरी माणसं असतात, कळलं मला," एवढंच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. नंतर समजलं, त्यांनी पनवेलला दुसरीकडे सुरू केलं.

नवरा कामावरून आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग आपण हेडफोन जरा भारीतला..."

"हेडफोन नको," मी म्हटलं. "दुसरं काहीही नको. मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट मागितली होती."

"एवढं सगळं केलं ते दिसत नाही तुला."

"दिसतं. त्यातलं निम्मं मला नको होतं."

तो जेवणाच्या ताटाकडेच बघत म्हणाला, "दार लावलं की बाबांना बाहेरून वळसा घालावा लागेल. त्यांनी बांधलेलं घर आहे. त्यांना हे कोण सांगणार?"

म्हणजे हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. बापाला एक वाक्य सांगायचं टाळण्यासाठी हा माणूस इतके महिने बटणं बसवत होता. मला भयंकर राग आला.

सासऱ्यांना मीच सांगितलं. ते ओट्यावर कोयत्याला धार लावत होते. मी म्हटलं, "बाबा, माझ्या कामाच्या वेळी मधली खोली बंद ठेवावी लागेल. तेवढा वेळ बाहेरून जावं लागेल तुम्हाला." त्यांनी हात थांबवला.

"माझ्या घरात मी वळसा घालायचा?"

"हो."

"आनि पाऊस असला तर?"

"तरीही."

ते पुन्हा धार लावू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "बसव मंग दार. इचारतेस कशाला?" त्यात होकार किती आणि राग किती, मला कळलं नाही.

सुताराला पुन्हा बोलावलं. कपाटाची एक बाजू कापावी लागली. पावसाने लाकूड फुगल्यामुळे पुढचं दार घासतं, ते गुडघ्याने ढकलावं लागतं. पण लागतं. वालाचे डबे वरच्या कप्प्यात गेले. तिथे सासूबाईंचा हात पोचत नाही, म्हणून डबा काढायला त्या मलाच हाक मारतात, तीही बहुतेक मी मुलांबरोबर असतानाच. सासरे बाहेरून जातात. पावसात डोक्यावर पोतं घेऊन जातात, छत्री दारातच असली तरी. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणतात, "सुनंचं हापिस हाय आत."

गेल्या आठवड्यात नवऱ्याने मला विचारलं, बाबा बाहेरून जातात त्या वाटेवर पत्रे टाकून घेऊ का, आणि एक दिवा? मी म्हटलं, चांगलं होईल, पण ते आधी बाबांना विचार. काल विचारलंस का म्हटलं, तर म्हणाला, बघू. पत्र्यांचं माप मात्र घेऊन ठेवलंय त्याने.